काचपेटीत रान, बेडूक अंगणात

प्रश्न : महाबळेश्वरच्या घरी काचपेटीत झाडे लावून रानातले छोटे बेडूक ठेवायचे आहेत. सुरुवात कशी करू?

उत्तर : पेटी जरूर करा, रानातला बेडूक मात्र आणू नका. तळाला दोन इंच खडी, वर जाळी, मग बिनखताचा नारळाचा भुसा आणि पालापाचोळा. नेचे रोपवाटिकेतलेच घ्या. खडीतले पाणी भुशाला टेकले की मुळे कुजतात, नळीने उपसा.

तुमच्याकडच्या झुडपी बेडकांना तळे लागत नाही. अंडी ओलसर आडोशाला; बेडूकमासा होतच नाही, अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो! पावसाळी रात्री बॅटरी घेऊन कुंपणापाशी थांबा. पानावर बसलेला अंगठ्याच्या पेराएवढा नर गळ्याची पिशवी फुगवून साद घालताना दिसेल. तेवढा कोपरा कीटकनाशकाविना, पाचोळ्यासकट राहू द्या.