एसीचे बिल का वाढते? घरच्या घरी करायची तपासणी

उन्हाळा सुरू झाला की मस्कतमधल्या मराठी घरांत हापूसच्या पेटीइतकीच चर्चा विजेच्या बिलाची होते. ओमानमध्ये २०२१ पासून वीजदरातील अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करण्यास सुरुवात झाली. शिवाय दर टप्प्यांचा असल्यामुळे वापर वाढला की वरच्या युनिटांचा भावही चढतो. अशा वेळी "एसी जुना झाला, नवा घ्या" हा सल्ला सर्रास मिळतो. माझे म्हणणे एवढेच की, खर्च करण्यापूर्वी मोजमाप करावे. त्यासाठी मीटर, घड्याळ आणि साधा तापमापक पुरतो.

यंत्र काम कसे करते?

एसी थंडी तयार करीत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, म्हणजे तो उष्णतेचा पंपच आहे. थंड देशांत हेच यंत्र उलट चालवून घर गरम करतात. विहीर जितकी खोल तितका रहाट ओढायला जड, तसेच बाहेर जितके तापमान जास्त तितकी उष्णता बाहेर टाकायला वीज जास्त लागते. आपल्याकडे रात्रही सुटका करीत नाही. जून २०१८ मध्ये मस्कतजवळच्या कुरियात येथे सलग २४ तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली आलाच नाही! म्हणून उन्हाळ्यात बिल वाढणारच. ते वाजवीपेक्षा जास्त वाढले आहे का, हे शोधायचे.

पायरी पहिली : बिल नीट वाचा

रकमेकडे न पाहता युनिट पाहा. तुलना मागच्या महिन्याशी नको, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. बिल किती दिवसांचे आहे आणि त्यावरचा आकडा मीटरशी जुळतो का, हेही पाहा. अंदाजाने बिल आले असेल तर पुढच्या वेळी सगळी बाकी एकदम अंगावर येते.

पायरी दुसरी : मीटरची परीक्षा

घरातील मेन स्विच बंद करून मीटरपाशी जा. युनिटचा आकडा तरीही पुढे सरकत असेल, तर दुसऱ्या कुणाचा किंवा जिन्यातला दिवा आपल्या मीटरवर असू शकतो. जुन्या इमारतींत हे अशक्य नाही. तारांना स्वतः हात लावू नका. इमारतीच्या देखभालवाल्याला आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता मेन सुरू करा. फ्रिज, गीझर वगैरे थोडा वेळ बंद ठेवून एकच एसी लावा. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटला किती लुकलुक हे मीटरवरच छापलेले असते. ते १००० असेल तर सहा मिनिटांत १०० लुकलुक म्हणजे ताशी १ युनिट. दीड टनाचा साधा एसी कॉम्प्रेसर चालू असताना ताशी दीड ते पावणेदोन युनिटच्या आसपास घेतो.

पायरी तिसरी : कॉम्प्रेसर विश्रांती घेतो का?

खरी मेख इथे आहे. आमच्या घरी तीन एसी आहेत. एका जुलैत युनिट गेल्या वर्षीच्या जुलैपेक्षा बरेच वाढले, म्हणून मी प्रत्येक यंत्र असे मोजले. ताशी वापर तिन्हींचा ठीक होता. पण झोपायच्या खोलीतला कॉम्प्रेसर रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत एकदाही थांबत नव्हता. आठ तासांत १४ युनिट!

तापमापक आधी एसीत शिरणाऱ्या हवेत आणि मग बाहेर पडणाऱ्या हवेत धरला. फरक जेमतेम ५ अंश निघाला. चांगल्या यंत्रात तो साधारण ८ ते १२ अंश असतो. आतली जाळी स्वच्छ होती. बाहेरचे युनिट मात्र ज्या बाल्कनीत कपडे वाळतात तिथेच होते, आणि त्याच्या पातळ पत्र्यांत धूळ व कपड्यांचा भुगा गच्च बसला होता. वीज बंद करून माणसाकडून ते धुऊन घेतले. फरक १० अंशांवर आला, कॉम्प्रेसर अधूनमधून थांबू लागला आणि रात्रीचा वापर ९ युनिटांवर आला. एका खोलीमागे महिन्याला १५० युनिट वाचले. आपल्या बिलावरचा दर घालून गुणाकार करून पाहा.

इन्व्हर्टर एसी थांबत नाही, मंदावतो. तिथे खोली गार झाल्यावर लुकलुक कमी होते का ते पाहावे.

लक्षणे आणि कारणे

• हवा कमी येते : आतली जाळी चोंदली आहे. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा.
• नळीवर बर्फ : जाळी चोंदली आहे किंवा गॅस कमी आहे. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, कमी झाला म्हणजे गळती आहे. नुसता भरून न घेता गळती शोधायला सांगा.
• बाहेरच्या युनिटची गरम हवा भिंतीवर किंवा खोक्यांवर आपटून परत येते : समोरची जागा मोकळी करा.
• सगळे ठीक, तरी खोली गार होत नाही : दाराखालची फट, जुन्या खिडकी-एसीभोवतीची भेग, पश्चिमेची काच. रबरी पट्टी आणि जाड पडदा हे सर्वांत स्वस्त औषध.

किती अंशांवर लावावा?

भारताच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते तापमान १ अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. भारतात १ जानेवारी २०२० पासून स्टार-लेबल असलेले घरगुती एसी मुळात २४ अंशांवर लावूनच येतात. २४-२५ अंश आणि जोडीला पंखा पुरेसा होतो. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ चालते. गच्चीवरच्या टाकीचे पाणी जूनमध्ये आपणच तापते, तेव्हा गीझरही बंद ठेवता येतो.

एक बचत मात्र नको

देशातून आलेले आई-वडील "आम्हाला सवय आहे" म्हणत एसी बंद करून झोपतात. त्यांना सवय आहे ती गावच्या उन्हाळ्याची, मस्कतच्या दमट रात्रीची नव्हे. वयस्कर माणसांना तहान कमी जाणवते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातले पाणी कमी होते. तान्ह्या बाळांनाही उष्णता सोसत नाही. पैसे वाचवायचे ते यंत्र स्वच्छ ठेवून. बंद ठेवून नव्हे. चक्कर, गोंधळल्यासारखे बोलणे, अंग तापणे अशी लक्षणे दिसली तर गार पाण्याने अंग पुसत ताबडतोब रुग्णालय गाठावे.

एप्रिलमध्येच ही तपासणी करून आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. जुलैचे बिल आले की ताडून पाहायला तेच उपयोगी पडतात.