बुजऱ्या तट्टाला गाडीत चढवताना



मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आपल्या बुऱ्हाणपूरकडूनही कोणी वरातीसाठी, कोणी ओझ्यासाठी तट्टू पाहायला जातो. सौदा होतो, पैसे चुकते होतात आणि खरी अडचण मग उभी राहते. शहादा, शिरपूर, चोपडा, रावेर असा लांबचा रस्ता पिकअपमधून कापायचा असतो आणि तट्टू तर फळीवर पाय ठेवायला तयार नसते. दिवस मावळत असतो. चौघे दोर ओढतात, पाचवा मागून चाबूक मारतो. अशाच झटापटीत एका तट्टाचा पुढचा पाय फळी आणि गाडी यांच्या फटीत अडकून मोडलेला आम्ही पाहिला आहे. घोड्याचा मोडलेला पाय क्वचितच सांधतो. त्या घरची साठवलेली पुंजी तेथेच संपली.

तट्टू हट्टी असते म्हणून चढत नाही, असे आपण समजतो. खरे पाहता ते भ्यालेले असते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. उन्हातून अंधारात गेल्यावर त्याची नजर सरावायला आपल्यापेक्षा अधिक वेळ लागतो. त्यात पायाखाली पोकळ वाजणारी फळी आणि पुढे बंद खोका! पळून जीव वाचवणाऱ्या प्राण्याला पळायला वाटच नाही अशा जागी आपण नेतो. तेथे चाबूक ओढला की त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की बसते : गाडीजवळ मार मिळतो. दुसऱ्या खेपेला ते दुरूनच बुजते.

यावर उपाय आहे तो आठ-दहा दिवसांच्या शिकवणीचा. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत.

१. प्रथम गाडीपासून दूर, अंगणातच शिकवावे. म्होरकीचा दोर हलका ओढावा आणि तट्टाने एक पाऊल टाकताच लगेच सैल सोडावा. पुढे येणे आणि मागे सरणे, दोन्ही शिकवावे. मागे सरता येत नाही ते तट्टू गाडीतून उतरताना घाबरते.

२. जमिनीवर रुंद, मजबूत फळी टाकून तिच्यावर गोणपाट अंथरावे आणि तट्टाला वरून चालवावे. आवाजाची सवय होते.

३. गाडी बांधाला किंवा मातीच्या उंचवट्याला मागून लावावी, म्हणजे चढ कमी होतो. फट राहू देऊ नये. आत उजेड पडेल अशी गाडी उभी करावी. तळाला गवत किंवा गोणपाट घालावे.

४. चंदीचा तोबरा पहिल्या दिवशी गाडीजवळ, दुसऱ्या दिवशी कडेवर, मग आत द्यावा. पुढचे दोनच पाय चढले तरी मानेवर हात फिरवून शाबासकी द्यावी आणि त्या दिवशी तेथेच थांबावे. कान मागे पडले, डोळ्यांतले पांढरे दिसू लागले, नाकपुड्या फुगल्या, तर एक पाऊल माघारी घ्यावे.

५. आत शांत उभे राहू लागले की इंजिन चालू करून पाहावे. मग गावाभोवती एक छोटी फेरी मारावी.

ओळखीचे शांत जनावर आधी चढवले तर बुजरे तट्टूही पुष्कळदा त्याच्या मागे जाते.

माणसांनीही जपावे. तट्टाच्या खांद्याजवळ उभे राहावे. समोर किंवा थेट मागे नव्हे. दोर हाताला गुंडाळू नये. मागचा आडवा दांडा लावल्यावरच डोके बांधावे. उतरवताना उलट करावे : आधी डोके सोडावे, मग दांडा काढावा. हा क्रम चुकला की बांधलेले तट्टू मागे झेप घेते आणि स्वतःला व आपल्याला इजा करते.

बाजारातून आणायचे असेल तर आठ दिवस मिळणार नाहीत. तेव्हा खरेदी सकाळीच उरकावी आणि चढवण्यासाठी दोन तास राखून ठेवावेत. भाड्याच्या गाडीवाल्याला हे आधीच सांगावे.

कायद्याचेही भान हवे. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे पशुवैद्याचा दाखला लागतो. तळ घसरणारा नसावा, जनावरांमध्ये बांबूचे आडोसे असावेत आणि एका गाडीत चार ते सहांहून अधिक घोडे घालू नयेत. वेग तासाला ३५ किलोमीटरच्या आत ठेवावा आणि घोड्यांची तोंडे डावीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर ठेवावीत.

घरी पोहोचल्यावर तट्टाला थोडे चालवावे. पाणी आणि वैरण आधी द्यावी. चंदी नंतर आणि थोडीच. थकल्या पोटी एकदम भरपेट चंदी दिल्याने पोटशूळ उठतो. चारही पाय आणि खूर तपासावेत. खिळ्याची किंवा पत्र्याची बारीक जखमही धुऊन काढावी आणि पशुवैद्याकडून धनुर्वाताची लस टोचून घ्यावी, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. चढवताना आपल्याला जखम झाली असेल तर आपणही दवाखान्यात जाऊन तीच काळजी घ्यावी.

पंधरा मिनिटांचा धीर रोज दिला तर चाबूक खुंटीलाच राहतो. आपल्या घरी बुजरे तट्टू असेल तर प्रवासाचा दिवस उजाडण्याची वाट पाहू नका. उद्या सकाळी अंगणातच पहिले पाऊल शिकवायला लागा.