दुसरा मॉनिटर जोडताना

प्रस्तावना

घरी बसून अक्षरजुळणीचे काम करणाऱ्या एका स्त्रीची कल्पना करा. एका जुन्या दस्ताची छायाप्रत तिच्या संगणकावर आहे आणि त्यातील मजकूर तिला टंकलिखित करायचा आहे. मॉनिटर एकच असल्यामुळे ती एक ओळ वाचते, छायाप्रत झाकते, दुसरी विंडो उघडते आणि आठवणीतून टंकते. या येरझाऱ्यांत गट क्रमांक ५१६ चा ५६१ होतो. चूक किरकोळ दिसते. परंतु जमिनीच्या कागदावर तेवढ्यानेही वाद उभा राहू शकतो. मूळ मजकूर आणि आपली प्रत शेजारीशेजारी दिसली, तर अशी चूक सहज नजरेस येते. त्यासाठी दुसरा मॉनिटर उपयोगी पडतो. तो कसा जोडावा, हे आपण या पाठात पाहू.

१. जोडण्यापूर्वीची पाहणी

संगणकाच्या पेटीमागे केबल लावण्याच्या ज्या जागा असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. १९८७ साली आलेल्या व्हीजीए पोर्टला तीन ओळींत १५ छिद्रे असतात. त्याचा रंग बहुधा निळा असतो. एचडीएमआयचे पहिले मानक २००२ साली प्रसिद्ध झाले. हे पोर्ट लहान व चपटे असते आणि त्यातून चित्राबरोबर ध्वनीही जातो. २००६ साली आलेल्या डिस्प्लेपोर्टचा एक कोपरा छाटलेला असतो.

केबल विकत घेण्यापूर्वी संगणक आणि मॉनिटर या दोहोंची पोर्ट पाहून घ्यावीत. संगणकाला केवळ एचडीएमआय आणि मॉनिटरला केवळ व्हीजीए असेल, तर साधी केबल पुरत नाही. एकाचा संकेत अंकीय, तर दुसऱ्याचा अनुरूप असल्याने मध्ये परिवर्तक लावावा लागतो.

संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास दोन्ही मॉनिटर त्या कार्डालाच जोडावेत. एक कार्डाला आणि दुसरा मदरबोर्डाला जोडल्यास अनेकदा दुसरा पडदा काळाच राहतो आणि दोष मात्र नव्या मॉनिटरला दिला जातो.

२. प्रत्यक्ष जोडणी

प्रथम संगणक रीतसर बंद करावा. केबलचे टोक पोर्टच्या आकाराशी जुळवून हलक्या हाताने बसवावे. बळ लावल्यास आतील पिना वाकतात. व्हीजीए केबलचे दोन्ही स्क्रू हातानेच आवळावेत. मग मॉनिटरची वीजजोडणी करून मॉनिटर व संगणक सुरू करावेत. मॉनिटरवरील बटणाने ज्या पोर्टला केबल लावली आहे, तेच पोर्ट निवडावे.

३. संगणकाला दिलेली सूचना

केबल जोडली म्हणजे काम संपले, असे नाही. दुसऱ्या पडद्याचे काय करायचे, हे संगणकाला सांगावे लागते. विंडोज प्रणालीत विंडोजची कळ दाबून ठेवून ‘पी’ दाबल्यास चार पर्याय दिसतात: केवळ पहिला पडदा, दोन्हींवर तेच चित्र, दोन्ही मिळून एक विस्तृत पडदा आणि केवळ दुसरा पडदा. दोन मजकूर ताडून पाहण्यासाठी तिसरा, म्हणजे ‘एक्स्टेंड’ हा पर्याय निवडावा.

यानंतर डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी माऊसची उजवी टिचकी देऊन ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावे. तेथे १ आणि २ अशा क्रमांकांचे चौकोन दिसतात. टेबलावर दुसरा मॉनिटर डावीकडे असेल, तर त्याचा चौकोनही डावीकडे सरकवावा. अन्यथा माऊसचा बाण डाव्या कडेला अडून राहतो.

आता एका पडद्यावर मूळ दस्त आणि दुसऱ्यावर आपली प्रत ठेवता येते. ताडून पाहण्याचे काम मात्र आपल्यालाच करायचे असते. दुसरा मॉनिटर ते सुकर करतो, इतकेच.

भाषेकडे लक्ष द्या

या पाठात ‘बसवावे’, ‘आवळावेत’, ‘निवडावा’ अशी क्रियापदे आली आहेत. ही विध्यर्थी रूपे आहेत. कृती सांगणाऱ्या लेखनात ती आज्ञेपेक्षा सौम्य आणि तरीही स्पष्ट वाटतात.

पाठगत प्रश्न

१. दुसरा पडदा काळा राहिल्यास आपण कोणकोणत्या गोष्टी तपासाल? क्रमाने लिहा.
२. ‘चूक किरकोळ दिसते’ असे लेखात का म्हटले आहे?
३. आपल्या परिचयाच्या एखाद्या उपकरणाची जोडणी विध्यर्थी क्रियापदे वापरून पाच वाक्यांत सांगा.