डोळ्याच्या पडद्यावरून लकव्याचा धोका: केनवडकरांना तपासणी कितीला पडते?

चिरफाड न करता रक्तवाहिन्या थेट पाहता येतात त्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर. मेंदूतल्या बारीक वाहिन्यांशी त्यांचे जवळचे साम्य आहे. बीपी वर्षानुवर्षे वाढलेले असले की पडद्यावरच्या वाहिन्या आकसतात, धमनीखाली शीर दबते, पुढे रक्ताचे ठिपके आणि कापसासारखे पांढरे डाग दिसू लागतात. असे बदल दिसले तर लकव्याचा धोका वाढलेला समजावा.

‘हार्ट’ या नियतकालिकात २०२५ साली आलेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या ४५,१६१ जणांच्या पडद्याचे फोटो तपासले गेले. सरासरी साडेबारा वर्षांत त्यांतल्या ७४९ जणांना स्ट्रोक (लकवा) आला. वाहिन्यांच्या २९ मोजमापांचा या धोक्याशी संबंध आढळला. पण या मोजमापांवरून धोका काढणे ही दवाखान्यातली नेहमीची तपासणी अजून झालेली नाही. ‘डोळ्यावरून स्ट्रोकचे भाकीत’ असे पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल, तर पैसे वाचवा.

खर्च या क्रमाने करा

१. बीपी, शुगर: फुकट. तिशी ओलांडलेल्यांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत.

२. पडद्याची तपासणी. केनवडहून तालुक्याच्या ठिकाणी, रिसोडच्या ग्रामीण रुग्णालयात आधी चौकशी करा. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडदा पाहणे नव्हे. ‘थेंब टाकून पडदा बघता का?’ असे स्पष्ट विचारा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना मोफत सेवेचा वरील निर्णय लागू नाही, म्हणून वाशीमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेल्यास केस पेपरच्या खिडकीवर शुल्क विचारून घ्या. खासगीत साधारण २०० ते ५०० रुपये फी, फोटो काढल्यास वर ३०० ते १,००० रुपये धरा.

३. ओसीटी (पडद्याच्या थरांचे स्कॅनिंग), मानेच्या वाहिन्यांची डॉपलर सोनोग्राफी. प्रत्येकी हजारापासून तीन हजारांपर्यंत जाऊ शकते. डॉक्टरांनी कारण सांगितल्याशिवाय करू नका.

न दिसणारा खर्च

थेंबांमुळे बाहुली मोठी होते, चार-सहा तास जवळचे धूसर दिसते, उन्हात डोळे दिपतात. गाडी चालवायची नाही. म्हणजे सोबतच्या माणसाचे भाडे आणि बुडालेला रोज हिशेबात धरा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत जाणे टाळा. जुन्या गोळ्यांची चिठ्ठी, बीपीच्या नोंदी आणि गॉगल बरोबर ठेवा.

योजना

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या रुग्णालयात होणाऱ्या ठरावीक उपचारांसाठी. बाह्यरुग्ण विभागातल्या साध्या डोळे तपासणीचे बिल त्यात बसेल असे धरून चालू नका.

इथे पैशाचा विचार नको

एका डोळ्यापुढे अचानक अंधारी आली आणि काही मिनिटांत गेली, तरी त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले तर १०८ला फोन लावा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगा.