'क्राद' म्हणजे कळकट!

'घाण' हा आपल्या होस्टेलचा राष्ट्रीय शब्द! बेसिन घाण, मेसची भाजी घाण, मॅथ्सचा पेपर तर फारच घाण. फ्रेंच पोरंही काही कमी नाहीत. त्यांचा असाच एक शब्द आहे 'क्राद'.

उगम : फ्रेंचमध्ये 'क्रास' म्हणजे साचलेला मळ. त्यावरून बोलण्यात 'क्रादो' आला आणि त्याचं शेपूट कापून झाला 'क्राद'. आपण लॅबोरेटरीची 'लॅब' केली, तसंच.

वापर : 'से क्राद' म्हणजे 'हे कळकट आहे'. पुल्लिंगी असो वा स्त्रीलिंगी, रूप एकच. मात्र हा शब्द मित्रांत चालतो, परीक्षेच्या पेपरात नाही. तिथे 'साल' हा नेहमीचा शब्द लिहावा.

आता खरी गंमत बघा. 'साल' नामाच्या नंतर आला तर तो साधा मळ. 'युन शमीज साल' म्हणजे मळका शर्ट. पण तोच आधी आला की अर्थ फिरतो. 'अं साल तीप' म्हणजे अंघोळ न केलेला माणूस नव्हे, तर हलकट माणूस!

मराठीत हे काम जागा बदलून होत नाही, शब्द बदलावा लागतो. त्यासाठी आपल्याकडे शब्दांची काय कमी? तेलाने तेलकट, धुराने धुरकट, मातीने मातकट, मळाने मळकट. चिकू तोडताना चीक लागला की हात चिकट. डाग कशाचा ते शब्दच सांगतो. 'घाणेरडा' मात्र कपड्यालाही लागतो आणि माणसालाही.

हे मला पुस्तकाने नाही, वाणगाव स्टेशनने शिकवलं. संध्याकाळी बोईसरकडून आलेल्या गाडीतून एक काका उतरले. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, त्यावर ग्रीसचे डाग. मी मित्राला म्हटलं, "किती घाणेरडा माणूस आहे बघ!" त्यांनी ऐकलं. थांबले आणि शांतपणे म्हणाले, "कपडे मळलेत रे पोरा, मी नाही."

मान खाली गेली. उद्या पास होऊन आपणही असेच ग्रीसमध्ये हात घालणार आहोत. त्या दिवशी मला 'तेलकट' एवढा एकच शब्द सुचायला हवा होता. खरं तर तेवढाही बोलायची गरज नव्हती.