हाताने चालणारी तीनचाकी : आधी माप, मग वेल्डिंग



यंदाच्या विज्ञान मेळ्यासाठी नववी-दहावीच्या मुलांनी हाताने चालणाऱ्या तीनचाकी सायकलचा नमुना करायचे ठरविले आहे. ज्यांचे पाय काम देत नाहीत पण हात बळकट आहेत, अशा दिव्यांग बंधू-भगिनींसाठी ही गाडी. जुनी सायकल, लोखंडी पाइप आणि ओळखीचा वेल्डिंगवाला मिळाला की काम झाले, असे मुलांना वाटते. गाडी उभी राहीलही. पण बसणाऱ्याच्या उपयोगी पडेल काय, हे आधी पाहावे म्हणून हा पाठ.

ही कल्पना सायकलीपेक्षा जुनी आहे. जर्मनीतील श्टेफान फारफ्लर हा तरुण घड्याळजी चालू शकत नव्हता. त्याने १६५५ च्या सुमारास दातेरी चाके आणि हाताने फिरवायची दांडी लावून स्वतःसाठी तीन चाकांची गाडी केली. बनविणारा आणि बसणारा एकच होता, म्हणून माप चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्या देशात कानपूरचा अलिम्को हा सरकारी कारखाना १९७२ साली स्थापन झाला. त्याचे एक केंद्र आपल्याच प्रदेशात जबलपूरला आहे. १९८१ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या गरजू व्यक्तींना अशी साधने मिळतात. मग आपण का करायची? कारण कारखान्याची गाडी अनेकांना चालावी अशा मापाची असते. एखाद्याच्या घराचा दरवाजा किती रुंद, गल्ली किती अरुंद, हे तिला ठाऊक नसते. माप बसले नाही तर मिळालेली गाडीही घराच्या कोपऱ्यात पडून राहते.

आता गणित करू. साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक २.४४ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२३ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात गाडी ५.४५ मीटर जाते. पायांना हे झेपते. हातांना झेपेल का?

माणूस आणि गाडी मिळून वजन १०० किलो धरा. उतरंड १२ फुटांत १ फूट चढणारी. तेथे गाडी वर ढकलायला सुमारे ८.३ किलोचा जोर लागतो. दांडी १७ सेंटिमीटरची असेल, तर एका फेऱ्यात हात १.०७ मीटर फिरतो. घर्षण सोडून हिशेब असा :

पुढे ४४, मागे १८ दाते : हातावर सुमारे ४२ किलो.
पुढे २२, मागे २२ दाते : सुमारे १७ किलो.
पुढे २२, मागे २८ दाते : सुमारे साडेतेरा किलो.

तिसऱ्या जोडीत जोर कमी लागतो, पण गाडी एका फेऱ्यात फक्त १.७५ मीटर जाते. जोर वाचला की अंतर घटते, फुकट काही मिळत नाही. लहान-मोठ्या पुलीचा हा खेळ पावरलूम असलेल्या घरांतील मुलांना नवा नाही. म्हणून सायकलीचे दाते जसेच्या तसे लावू नका.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवा. बैठक खाटेच्या उंचीची असावी, म्हणजे बसणाऱ्याला स्वतः सरकून येता येईल. बैठक उगाच उंच केली तर वळणावर गाडी कलंडते. ब्रेक खटक्याने अडकून राहणारा हवा. नाही तर उतारावर हात काढताच गाडी घसरेल. आणि फ्रीव्हील लावले की दांडी उलटी फिरवून गाडी मागे जात नाही. मागे घ्यायला चाक हाताने ढकलावे लागेल, तेव्हा ते हाताशी येईल असे ठेवा.

सर्वांत मोठे माप मात्र टेपने घेता येत नाही. ज्याच्यासाठी गाडी आहे त्याच्याकडे जा, बसा, बोला. “काय झाले होते?” असे विचारू नका. “आपल्याला कुठे जायचे असते?” असे विचारा. लालबागला स्टेशनवर रोज जाणाऱ्याची गाडी आणि जुन्या शहराच्या गल्लीत दुकान चालवणाऱ्याची गाडी एकसारखी कशी होईल? दयेने बनविलेली गाडी देणाऱ्याला समाधान देते. विचारून बनविलेली गाडी बसणाऱ्याला बाजारात, शाळेत, कामावर नेते, आणि तेही कोणाला मागून ढकलायला न सांगता.

स्वाध्याय

१. घरच्या सायकलीचे पुढचे व मागचे दाते मोजा. एका फेऱ्यात ती किती मीटर जाते ते काढा, मग खडूने खूण करून पडताळा पाहा.
२. आपल्या घराचा दरवाजा आणि गल्लीतील सर्वांत अरुंद जागा मोजा. ७५ सेंटिमीटर रुंद गाडी कुठे अडेल?
३. शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत किती पायऱ्या आहेत, त्या मोजा. प्रत्येक पायरीची उंची लिहा आणि १२ ला १ या हिशेबाने उतरंड किती लांब करावी लागेल ते काढा. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वहीत न ठेवता कार्यालयात आणून द्यावीत. गाडी तयार होईपर्यंत आम्हालाही आमचे काम करायचे आहे.