टायटॅनियम: दीड मिलिमीटरची गोष्ट

टायटॅनियमवर टीप आली की आपण "हलका, मजबूत, न गंजणारा" एवढं लिहून मोकळे होतो. मार्कही मिळतात! घनता 4.5, म्हणजे पोलादाच्या निम्म्याहून थोडी जास्त. 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम घातलं की ताकद चांगल्या पोलादाच्या तोडीची. म्हणूनच जेट इंजिनाच्या पुढच्या फॅनची डिस्क याची बनवतात.

पण या धातूची एक खोड आहे. तापला की हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन शोषून घेतो. त्यामुळे तो निर्वात भट्टीत वितळवावा लागतो. तरीही कुठे नायट्रोजन शिरलाच, तर आत कडक, ठिसूळ डाग राहतो. त्याला 'हार्ड अल्फा' म्हणतात.

19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-10 विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क हवेतच फुटली. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीला आणलं. 296 पैकी 112 जण दगावले.

तपासात काय निघालं? डिस्क बनवतानाचा असाच एक डाग, तो निखळून पडलेला जेमतेम दीड मिलिमीटरचा खड्डा. तिथून सुरू झालेली भेग साडेपंधरा हजार उड्डाणांत वाढत गेली, आणि शेवटच्या तपासणीत ती असूनही दिसली नाही.

ही डिस्क दोनदा वितळवलेल्या धातूची होती. पुढे अशा फिरत्या भागांसाठी तीनदा वितळवणं सुरू झालं. शिवाय 'कोल्ड हर्थ' पद्धत आली: उथळ, थंड ठेवलेल्या तांब्याच्या पात्रातून रस सावकाश वाहतो, जड कण तळाला बसतात आणि हार्ड अल्फाला विरघळायला वेळ मिळतो.